असम्प्शनच्या (गृहीतकाच्या) प्रश्नात शेवटी दोन पर्याय उरतात, तेव्हा नेमकं काय तपासायचं?

सुदामानगर_इंदूर

नमस्कार मंडळी. एमबीएच्या प्रवेशासाठी जीमॅटची तयारी चालू आहे, जानेवारीत एक्सॅट ही तशीच दुसरी परीक्षाही द्यायची आहे. क्रिटिकल रीझनिंगमध्ये, म्हणजे छोट्या युक्तिवादांवरच्या प्रश्नांत, तीन पर्याय लवकर बाद होतात. प्रश्न उरलेल्या दोघांचा आहे. ‘जास्त पटतो तो निवडा’ यापेक्षा पक्की अशी काही कसोटी आहे का? इंग्रजीतल्या सरावाच्या धर्तीवर एक प्रश्न मराठीत रचून देतो, म्हणजे बोलणं सोपं जाईल.

भंवरकुआंवरची एक अभ्यासिका पूर्वी रात्री ११ ला बंद व्हायची. १ जानेवारीपासून ती रात्रभर उघडी राहू लागली. जानेवारी ते मार्च या काळात तिच्या सभासदांचे मॉकमधले (सराव परीक्षांतले) सरासरी गुण आधीच्या तीन महिन्यांपेक्षा वाढले. तेव्हा अभ्यासिका रात्रभर खुली ठेवल्यामुळे सभासदांची तयारी सुधारली.

हा युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर उभा आहे?

अ) रात्री केलेला अभ्यास दिवसा केलेल्या अभ्यासापेक्षा जास्त लक्षात राहतो.
आ) शहरातल्या इतर अभ्यासिका रात्रभर उघड्या नसतात.
इ) जानेवारीनंतर आलेले नवे सभासद जुन्या सभासदांपेक्षा आधीपासूनच जास्त तयारीचे नव्हते.
ई) सभासदांपैकी बहुतेकांनी रात्री ११ नंतर अभ्यासिका वापरली.
उ) जानेवारीनंतर सभासदांची संख्या वाढली.

इ आणि ई उरतात. ई मला जास्त सरळ वाटतो, कारण रात्री कोणी आलंच नाही तर सुधारणा होणार कुठून? पण या साच्याच्या प्रश्नांत उत्तर इ सारखं असतं. का?

---

रेवाकाठ

तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलंय. ‘रात्री कोणी आलंच नाही तर’ असं तुम्ही म्हणता, पण पर्याय ई मध्ये ‘कोणी’ नाही, ‘बहुतेक’ आहे. पर्याय जे म्हणतो ते सोडून तुम्ही त्याच्या जवळचं, जास्त सौम्य विधान तपासलंत आणि ते पास झालं.

कसोटी पक्की आहे, तिला निगेशन म्हणतात. पर्याय उलटा करायचा आणि युक्तिवाद तगतो का ते बघायचं. मात्र उलटा करताना बरेच जण विरुद्ध टोकाला जातात. ‘सगळे’ उलटलं की ‘कोणीच नाही’ होत नाही, ‘किमान एक तरी नाही’ होतं. ‘काही’ उलटलं की ‘एकही नाही’. ‘बहुतेक’ उलटलं की ‘निम्मे किंवा त्याहून कमी’. ‘नेहमी’ उलटलं की ‘कधीकधी नाही’. एवढं पाठच करून टाका.

आता ई उलटा: निम्म्या किंवा त्याहून कमी सभासदांनी रात्री अभ्यासिका वापरली. समजा २०० सभासद आहेत, त्यातले ६० रात्री बसले आणि त्यांचे प्रत्येकी १० गुण वाढले. बाकीच्या १४० जणांचे गुण होते तेवढेच राहिले. तरी सगळ्यांची सरासरी ३ गुणांनी वर गेली, आणि ती रात्रीच्या अभ्यासामुळेच गेली. युक्तिवाद शाबूत. म्हणजे ई ची गरज नाही. पर्याय ‘किमान काही सभासदांनी रात्री ११ नंतर अभ्यासिका वापरली’ असा असता तर तो बरोबर ठरला असता. प्रश्न काढणारे नेमकं हेच करतात: खऱ्या गृहीतकाला एक ‘बहुतेक’ लावून ते गरजेपेक्षा मोठं करतात.

इ उलटा: नवे सभासद आधीपासूनच जास्त तयारीचे होते. समजा जुने १०० सभासद, सरासरी ६०, आणि जानेवारीनंतरही ६०च. नवे ५० आले, त्यांची सरासरी आधीच ७५. एकत्र सरासरी ६५. एकाही माणसाची तयारी तसूभर सुधारली नाही आणि सरासरी ५ ने वाढली! पुरावा निष्कर्षाला आधार देईनासा झाला. म्हणून उत्तर इ.

यात एक बारकावा. इ उलटल्यावर निष्कर्ष खोटा ठरला का? नाही. रात्रीच्या अभ्यासाचा थोडा फायदा झालेलाही असू शकतो. निगेशनने निष्कर्ष खोटा पडायला हवा अशी अपेक्षा ठेवलीत तर बरोबर पर्यायही बाद कराल. बघायचं एवढंच, की दिलेला पुरावा दिलेल्या निष्कर्षाला अजून उचलून धरतो का.

अ बद्दल थोडक्यात: रात्रीचा अभ्यास दिवसाच्या तोडीचा असला, किंवा थोडा कमी असला, तरी जादा तास मिळाल्याने फायदा होऊ शकतो. तुलनेची गरजच नाही. उ हा सापळा आहे. इ मध्ये नव्या सभासदांचा उल्लेख आहे म्हणून उ सुसंगत वाटतो, पण संख्या तेवढीच राहिली असती तरी युक्तिवादाचं काही बिघडत नाही.

---

तर्कशाळा_ग्वाल्हेर

रेवाकाठ यांनी कसोटी सांगितली. ती लागेपर्यंत पाचही पर्याय सारखे दिसू नयेत म्हणून पर्याय वाचण्याआधी फट, म्हणजे पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामधली मोकळी जागा, शोधून ठेवा. ‘अमुक झालं, त्यानंतर तमुक झालं, म्हणून अमुकमुळे तमुक’ या घाटाचे युक्तिवाद फार येतात आणि त्यांच्यातल्या फटी ठरलेल्या आहेत. तुमच्याच अभ्यासिकेवर बघा.

दुसरं कारण: परीक्षा जवळ आल्या की पोरं तशीही जास्त अभ्यास करतात. गट बदलला: वर इ मध्ये आलंच. मापपट्टी बदलली: जानेवारीपासूनचे मॉक सोपे होते. नुसता योगायोग: गुण ऑक्टोबरपासूनच दर महिन्याला त्याच गतीने वाढत होते. आणि उलटं कारण, म्हणजे परिणामालाच कारण समजणं. ते इथे नीट बसत नाही, पण ‘जे रोज अग्रलेख वाचतात त्यांचं आकलन चांगलं असतं, म्हणून अग्रलेख वाचल्याने आकलन सुधारतं’ यात बसतं. आकलन चांगलं आहे म्हणूनच ते अग्रलेख वाचत असतील.

स्ट्रेंग्थनमध्ये, म्हणजे युक्तिवाद मजबूत करणारा पर्याय विचारतात तिथे, हीच फट बुजवायची असते. ‘मॉकची काठिण्यपातळी बदलली नव्हती’ हा पर्याय एक फट बुजवतो. त्याहून भारी पर्याय असा: ‘त्याच मालकाची दुसरी शाखा ११ लाच बंद होत राहिली, आणि तिथल्या सभासदांचे गुण वाढले नाहीत.’ कारण नाही तिथे परिणामही नाही, हे दाखवलं की दोन-तीन फटी एकदम बुजतात. ऋतू, परीक्षेची जवळीक, मॉकची पातळी हे सगळं दोन्ही शाखांना सारखंच होतं ना.

आणखी एक जागा जिथे हमखास पाय घसरतो: टक्केवारी आणि संख्या. ‘एका उपाहारगृहात एकूण विकल्या जाणाऱ्या प्लेटींत पोह्यांचा वाटा ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला, म्हणजे आता पोहे जास्त खपतात.’ पूर्वी १००० प्लेटी खपत असतील तर पोहे ४००. आता एकूण खपच ७०० वर आला असेल तर पोहे ३५०. वाटा वाढला, खप घटला. इथे गृहीतक असं, की एकूण विक्री फारशी घटलेली नाही. युक्तिवादात टक्के, दर, प्रमाण, सरासरी यांपैकी काहीही दिसलं आणि निष्कर्षात नुसती संख्या दिसली की थांबा. उलटही तसंच: अपघातांची संख्या वाढली म्हणून रस्ता जास्त धोकादायक झाला, असं म्हणताना त्या रस्त्यावरची वाहनं किती वाढली ते विचारायलाच हवं.

शेवटचं: पर्यायात ‘फक्त’, ‘सगळे’, ‘कधीच नाही’, ‘एकमेव’ असे टोकाचे शब्द दिसले की काट मारा, वेळ वाचतो.

---

बडोदेकर_क्लॅटवाले

ग्वाल्हेरकरांचं बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य नाही. टोकाच्या शब्दावर काट मारायची सवय इन्फरन्समध्ये (उताऱ्यातून काय निघतं ते विचारतात तिथे) आणि बऱ्याच वेळा असम्प्शनमध्ये चालते, पण तीच वीकन (युक्तिवाद कमजोर करणारा पर्याय) आणि स्ट्रेंग्थनमध्ये नेली तर बरोबर उत्तरं हातची जातात. का ते नीट समजून घ्या, कारण अख्ख्या विषयाचा कणा इथे आहे.

प्रत्येक प्रश्न तुम्हाला सांगत असतो की काय खरं धरायचं. वीकन आणि स्ट्रेंग्थनच्या प्रश्नात बहुधा स्पष्टच लिहिलेलं असतं: ‘खालीलपैकी कोणतं विधान खरं असल्यास…’ म्हणजे पर्याय खरे, आणि तपासणी उताऱ्याची. पर्याय जितका जोरदार तितका परिणाम मोठा. अभ्यासिकेच्या प्रश्नावर वीकनचा पर्याय असा आला: ‘जानेवारी ते मार्च या काळात एकही सभासद रात्री ११ नंतर अभ्यासिकेत आला नाही.’ याहून टोकाचं काय असणार? पण ते खरं धरायचं आहे, आणि खरं धरलं की युक्तिवाद संपला. तेच उत्तर. ‘एकही नाही असं कसं शक्य आहे’ हा विचार इथे करायचाच नाही.

इन्फरन्समध्ये दिशा उलटी. उतारा खरा, तपासणी पर्यायांची. उताऱ्यात जेवढं आहे तेवढ्यातूनच पर्याय सिद्ध व्हायला हवा, म्हणून तिथे मवाळ पर्याय जिंकतात: ‘किमान काही’, ‘असू शकतं’, ‘प्रत्येक वेळी नाही’. इन्फरन्सचं बरोबर उत्तर बऱ्याचदा इतकं साधं असतं की ‘हे तर लिहिलेलंच आहे’ असं वाटून लोक ते सोडून देतात.

असम्प्शनमध्ये टोकाचा पर्याय संशयास्पद खरा, पण निष्कर्षच टोकाचा असेल तर गृहीतकही टोकाचंच लागतं. निष्कर्ष ‘गुणवाढीचं एकमेव कारण म्हणजे रात्रभर खुली अभ्यासिका’ असा असता, तर ‘गुणवाढीला दुसऱ्या कशाचाही हातभार लागला नाही’ हे गृहीतक लागलंच असतं. शब्द मोजायचा तो निष्कर्षाच्या मापाने.

म्हणून निष्कर्ष त्याच्या नेमक्या शब्दांत धरून ठेवा. ‘अभ्यासिका चांगली आहे’ असा मोघम नव्हे. ‘रात्रभर खुली ठेवल्यामुळे’, ‘सभासदांची’, ‘तयारी’, ‘सुधारली’. पुरावा गुणांचा आहे आणि निष्कर्ष तयारीचा. हा शब्दबदल दिसला का? मॉकचे गुण हे तयारीचं खरं माप आहे, हेही एक गृहीतक झालं. पुराव्यात नसलेला शब्द निष्कर्षात उगवला की फट बहुधा तिथेच असते.

निष्कर्ष कोणता हेच कळत नसेल, विशेषतः बोल्डफेसच्या प्रश्नात जिथे दोन ठळक वाक्यांची भूमिका विचारतात, तर दोन्ही वाक्यं ‘म्हणून’ ने जोडून बघा. ‘गुण वाढले, म्हणून तयारी सुधारली’ हे लागतं. ‘तयारी सुधारली, म्हणून इतर अभ्यासिकांनीही रात्रभर उघडं राहावं’ हेही लागतं. तेव्हा तिसरं वाक्य मुख्य निष्कर्ष, मधलं वाक्य मधला निष्कर्ष: ते पहिल्याच्या आधाराने उभं आहे आणि तिसऱ्याला आधार देतं. उलट क्रमाने जोडलं की वाक्य लगेच खोटं वाटतं. आणि ‘काही तज्ज्ञांच्या मते’ अशी सुरुवात असेल तर ते सहसा लेखकाचं मत नसतं. ‘परंतु’ नंतर काय येतं ते बघा.

---

सुदामानगर_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘बहुतेक’ची गोष्ट आता लख्ख झाली. एक शंका योजनेच्या प्रश्नांची. उदाहरणार्थ:

राजवाड्याच्या आसपासची वाहनांची गर्दी कमी करण्यासाठी तिथल्या पार्किंगचं शुल्क ताशी १० रुपयांवरून ४० रुपये करायचं ठरतं. यावर वीकनसाठी मला ‘शुल्क वाढल्याने दुकानदारांचं उत्पन्न घटेल’ हा पर्याय फार ओढ लावतो. तो चुकीचा का? योजनेतला तोटाच तर दाखवतोय.

आणि वेळेचं गणितही कोणी सांगेल का?

---

रेवाकाठ

योजनेच्या प्रश्नात निष्कर्ष लपलेला असतो: ‘या योजनेने हे उद्दिष्ट साधेल.’ इथलं उद्दिष्ट गर्दी कमी करणं, एवढंच. दुकानदारांचं उत्पन्न घटलं तर योजना अप्रिय ठरेल, कदाचित अन्यायाचीही ठरेल. पण गर्दी कमी होईल की नाही? या पर्यायातून उलट ती कमी होण्याचीच शक्यता दिसते, कारण गिऱ्हाईकं कमी येताहेत. तेव्हा तो वीकन नाहीच.

खरा वीकन उद्दिष्टाच्या वाटेतला सांधा तोडतो. शुल्क वाढवलं, मग लोकांनी गाडी आणणं टाळलं, मग गर्दी घटली, अशी ही साखळी आहे. ‘तिथल्या वाहनांपैकी मोठा भाग न थांबता पुढे निघून जाणाऱ्यांचा असतो’ हा पर्याय पहिलाच सांधा तोडतो, कारण त्यांना पार्किंगचं शुल्क लागतच नाही. ‘तिथे दिवसभर उभ्या असणाऱ्या बहुतेक गाड्या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या असतात आणि त्यांचं शुल्क दुकान भरतं’ हाही तोडतो: गाडी आणणाऱ्याच्या खिशाला झळच नाही. ‘शुल्क चुकवण्यासाठी लोक जागेच्या शोधात गल्ल्यांतून फेऱ्या मारतील’ हा तर गर्दी वाढवतो.

खर्च, अडचण, नाराजी, कायद्याची गुंतागुंत हे मुद्दे तेव्हाच चालतात जेव्हा उद्दिष्टातच ते घातलेले असतात, जसं ‘व्यापाराला धक्का न लावता गर्दी कमी करणं’. म्हणून उद्दिष्टाचं वाक्य शब्दशः वाचा. पुष्कळदा ते उताऱ्यात नसून प्रश्नाच्या ओळीत असतं. आधी प्रश्न वाचा, मग उतारा, असं म्हणतात त्याचं एक कारण हेच.

इव्हॅल्युएटचे प्रश्न, म्हणजे ‘काय जाणून घेणं सर्वात उपयोगी’, याच साखळीवर चालतात. पर्यायाला एकदा ‘हो’ आणि एकदा ‘नाही’ असं उत्तर द्या. एका उत्तराने योजना मजबूत आणि दुसऱ्याने कमजोर झाली तर तोच पर्याय. दोन्ही उत्तरांनी काहीच हललं नाही तर सोडा.

---

विजयनगर_मॉकमंडळ

वेळेचं मी सांगते.

जीमॅटच्या सध्याच्या स्वरूपात व्हर्बल या भाषेच्या विभागाला ४५ मिनिटांत २३ प्रश्न आहेत, म्हणजे एका प्रश्नाला ११७ सेकंद. सेन्टेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारणं) गेल्यामुळे उरलं फक्त रीडिंग आणि क्रिटिकल रीझनिंग, त्यामुळे या विषयाचं वजन वाढलंय. दोन मिनिटांची वाटणी साधारण अशी ठेवा: प्रश्नाची ओळ ८-१० सेकंद, उतारा ४० ते ४५, निष्कर्ष आणि फट मनात ठरवायला १५, उरलेलं पर्यायांना. मधल्या १५ सेकंदांवर बहुतेक जण काट मारतात आणि मग पर्यायांत दीड मिनिट घालवतात. पण फट शोधणं म्हणजे उत्तराचा अंदाज बांधणं नव्हे. ‘गट तोच होता का?’ असा एक प्रश्न हातात असला की पुरे. नेमकं उत्तर ठरवून गेलात तर तीच फट वेगळ्या शब्दांत आलेली ओळखू येत नाही.

अडीच मिनिटं झाली आणि अजून दोन पर्याय उरले असतील तर निगेशन एकदाच लावा, निवडा, बुकमार्क करा, पुढे व्हा. विभागाच्या शेवटी वेळ उरला तर तीनपर्यंत उत्तरं बदलता येतात. प्रश्न अर्धवट सोडून विभाग संपवू नका, त्याचा फटका मोठा बसतो.

बाकी परीक्षांत याच विषयाचा घाट बदलतो. क्लॅटला (कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला) १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीला पाव गुण कापतात, आणि एका लांब उताऱ्यावर बरेच प्रश्न असतात. तिथे उतारा वाचतानाच समासात निष्कर्ष आणि विरोधी मत यांची खूण करून ठेवा, मग प्रत्येक प्रश्नाला परत वाचावं लागत नाही. सीसॅटमध्ये (यूपीएससी पूर्वपरीक्षेतल्या कल चाचणीच्या पेपरात) ‘फक्त १’, ‘फक्त २’, ‘दोन्ही’, ‘एकही नाही’ असे पर्याय येतात, त्यामुळे दोन पर्यायांची एकमेकांशी तुलना करून सुटका होत नाही, प्रत्येक विधानावर निगेशन स्वतंत्रपणे लावावं लागतं. बँकेच्या परीक्षांत ‘गृहीतक’ जरा सैल अर्थाने येतं: ‘आमच्याकडून साडी घ्या’ अशा जाहिरातीत ‘जाहिरातीचा लोकांवर परिणाम होतो’ हे गृहीतक धरतात. तिथे सराव करून जीमॅटला आलात तर मोजमाप पुन्हा घट्ट करावं लागेल.

सरावाला अधिकृत प्रश्नच घ्या. क्लासच्या छापील संचांत ‘बहुतेक’ आणि ‘काही’ यांतला फरक बऱ्याचदा पाळलेला नसतो, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे. अधिकृत प्रश्न कमी पडले तर एलसॅटच्या (अमेरिकेतल्या कायद्याच्या प्रवेशपरीक्षेच्या) जुन्या पेपरांतलं लॉजिकल रीझनिंग घ्या. ऑगस्ट २०२४ पासून तिथे लॉजिक गेम्स (तर्काची कोडी) काढून टाकलेत आणि गुण धरले जाणारे तीन विभाग आहेत, त्यातले दोन याच विषयाचे. भाषा थोडी कडक आहे, पण शब्दांचं माप अगदी काटेकोर.

चुकलेल्या प्रश्नाची नोंद ठेवताना ‘असम्प्शन, चूक’ एवढं लिहून उपयोग नाही. दोन वाक्यं लिहा: निवडलेला पर्याय कोणत्या शब्दामुळे खरा वाटला, आणि बरोबर पर्याय कोणत्या शब्दामुळे सोडला. वरच्या प्रश्नासाठी ते असं होईल: ‘ई मधलं बहुतेक मी कोणी तरी असं वाचलं. इ मध्ये नकार होता आणि नवे सभासद उताऱ्यात नव्हते, म्हणून विषयाबाहेरचा समजून सोडला.’ यातलं दुसरं वाक्य जास्त कामाचं. दुसऱ्या शक्यता नाकारणारं गृहीतक नेहमी असंच दिसतं: नकारार्थी, आणि उताऱ्यात नसलेल्या गोष्टीबद्दल. ‘उताऱ्यात नाही’ म्हणून पर्याय बाद करायचा नियम इन्फरन्सचा आहे, तो इथे लावू नका.

---

सुदामानगर_इंदूर

ताई, हे शेवटचं फारच नेमकं पकडलंत. नोंदवहीत असम्प्शन आणि इन्फरन्सची पानं आजच वेगळी करतो. पुढच्या आठवड्यात एलसॅटचा एक विभाग ३५ मिनिटांत सोडवून अडलेले प्रश्न इथेच टाकीन.

रेवाकाठ

टाका. फक्त उत्तरसूची बघायच्या आधी प्रत्येक प्रश्नाचा निष्कर्ष एका ओळीत लिहून मग टाका, म्हणजे चूक वाचनात झाली की निवडीत ते लगेच सांगता येईल.